गुंगीचं औषध आणि दुखण्याचं औषध

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले होते, "तू आयटीत आहेस, तर आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हणून बसले. मग तयारी करायची सोडून आपला व्हॉट्सअॅप ग्रुप मागे मागे वाचत गेले आणि विषय बदलला. वाढदिवस आणि 'सुप्रभात' वगळले, तर गेल्या तीन वर्षांत आपल्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा आलेला निरोप एकच आहे: "बाबा आयसीयूत आहेत, कुणाची ओळख आहे का?" कधी बाबा, कधी आई, कधी सासूबाई. आपण पंचेचाळिशीला आलो, म्हणजे आईवडील पंच्याहत्तरीला आले. पुढची दहा वर्षं आपण सगळे आळीपाळीने त्या काचेच्या दाराबाहेरच्या खुर्च्यांवर बसणार आहोत. मी २०२२ मध्ये बसून आले. तिथे मी एक चूक केली, ती आज सांगणार आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. आपल्या वर्गातली भूलतज्ज्ञ समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिने हे भाषण काल वाचलं आणि दोन ठिकाणी लाल पेनाने रेघा मारून परत दिलं. दहावीत ती माझी भूमितीची वही अशीच परत करायची.

तुमच्यापैकी लालबागच्या बाजूला राहणाऱ्यांना माझे वडील आठवत असतील. आण्णा. साताऱ्याकडून आलेले, मिलच्या साचेखात्यात विणकर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचा साचा कायमचा थांबला. मग वॉचमनची नोकरी, मग एका गोडाऊनमध्ये हिशेब. आपण शाळेत होतो तेव्हा ते वॉचमन होते. फी भरायला यायचे तेव्हा आपल्या बाई त्यांना आत बोलावून खुर्ची द्यायच्या, हे मी विसरलेले नाही.

२०२२ च्या गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस त्यांना न्यूमोनिया झाला. फुप्फुसाभोवती पू साचला, म्हणून डाव्या बरगड्यांच्या मधून नळी घातली. त्याच रात्री श्वास पुरेना म्हणून तोंडातून श्वासनलिकेत दुसरी नळी गेली आणि व्हेंटिलेटर लागला. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि आण्णा तिथूनच बरे होऊन घरी आले.

पहिल्या संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडलं. आण्णांचे डोळे अर्धवट उघडे, दोन्ही हात गॉझच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले, आणि ते अंग झटकत होते. मशीन ओरडत होतं. मी बाहेर आले आणि डॉक्टरांना हात जोडून म्हटलं, "त्यांना पूर्ण झोपवा. त्यांना काही कळूच देऊ नका."

दुसऱ्या दिवशी आण्णा शांत होते. मी गावी फोन केला, आत्याला सांगितलं, "आता आराम आहे." तिसऱ्या दिवशीही शांत. पण नाडी १२० च्या खाली येत नव्हती आणि कपाळावर दोन आठ्या पडलेल्या होत्या, त्या झोपेतही जात नव्हत्या. मी पाहिल्या होत्या, पण काही विचारलं नाही. रोज सकाळी औषध कमी करून बघायचे, आण्णा झटापट करायचे, की औषध पुन्हा वाढायचं. पाच दिवस हेच.

पाचव्या दिवशी सकाळी माझ्या पासवर मामा आत गेले. मामा म्हणजे आमच्या चाळीतले, आण्णांच्या शेजारच्या साच्यावर काम केलेले. अख्खी चाळ त्यांना मामा म्हणते. दहा मिनिटांनी बाहेर आले ते माझ्यावर चिडूनच. "अगं, त्याला दुखतंय! कुणी विचारलंय का त्याला?"

मी म्हटलं, "मामा, ते बोलू शकत नाहीत."

मामा म्हणाले, "आम्ही साचेखात्यात कुठं बोलत होतो?"

ज्यांच्या घरात गिरणीतलं कुणी होतं त्यांना माहीत असेल. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालायचे. शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. माणसं ओठ वाचायची आणि हातांनी बोलायची. आण्णांचे ओठ नळीने अडवले होते, पण बांधलेल्या हाताची बोटं हलत होती. सिस्टरला वाटलं, भ्रमात चादर कुरतडताहेत. मामांनी विनंती केली, एक हात सोडा, मी धरून उभा राहतो. दिवसपाळीची सिस्टर भली होती, तिने सोडला. आण्णांनी तो हात डाव्या बरगडीवर, नळीपाशी नेला, आणि मग मामांकडे बघून साचा बंद कर म्हणून जी खूण करायचे ती केली. एकदा नाही, तीनदा.

सिस्टरने वरिष्ठ डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कागद उलटवले. गुंगीचं औषध चार दिवस अखंड चालू. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं: 'लागल्यास'. ज्या माणसाच्या तोंडात नळी आहे आणि हात बांधलेले आहेत, त्याला लागतंय हे सांगायचं कुणी? डॉक्टर मोकळेपणाने म्हणाले, "हे आमच्याकडून राहिलं." असं म्हणणारे डॉक्टर किती भेटतात, तुम्हीच सांगा.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते. आयसीयूत पेशंट शांत ठेवण्यासाठी जी औषधं शिरेतून देतात, ती एका प्रकारची नसतात. मिडाझोलाम आणि प्रोपोफॉल ही गुंगीची औषधं. प्रोपोफॉल सोयाबीन तेलाच्या इमल्शनमधून येतं, म्हणून दुधासारखं पांढरं दिसतं. या दोन्हींनी माणूस झोपतो, मिडाझोलामने तर मधलं बरंचसं आठवतही नाही, पण दुखणं थांबवण्याचा गुण त्यांच्यात नाही. दुखणं थांबवतात ती मॉर्फिन आणि फेंटानिल, अफूच्या घराण्यातली. फेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट तेज आहे, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. डेक्समेडेटोमिडिन नावाचं आणखी एक आहे. त्याने माणूस पेंगतो, पण हाक मारली की डोळे उघडतो, आणि थोडं दुखणंही कमी होतं. मात्र नाडी मंदावू शकते, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. चौथा प्रकार सर्वांत फसवा: स्नायू लुळे पाडणारी औषधं. त्यांनी माणूस हलत नाही, पण ती ना झोप आणतात ना वेदना थांबवतात. म्हणून ती एकटी कधीच द्यायची नसतात.

बाईंनी आपल्याला प्रतिक्षिप्त क्रिया शिकवली होती, फळ्यावर मेणबत्ती आणि बोट काढून. गुंगीत बोट मागे जाईलच असं नाही. पण चटका लागलेला असतो. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, कपाळाला आठ्या पडतात.

माझ्या कामात आम्ही नवीन मुलांना पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकवतो. सर्व्हरकडून एकही अलार्म येत नसेल, तर आधी बघा की अलार्म पाठवणारा प्रोग्रॅम जिवंत आहे का. हे मी वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवतेय, आणि स्वतःच्या वडिलांचा अलार्म बंद करा म्हणून हात जोडून उभी राहिले.

गंमत अशी की गुंगी कधी लागतेच लागते, याचं उत्तम उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. धनुर्वात. त्यात पेशंट पूर्ण शुद्धीवर असतो आणि दार आपटल्याच्या आवाजानेसुद्धा अंग धनुष्यासारखं वाकवणारे झटके येतात. पूर्वी अशा पेशंटना अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवायचे. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारुख उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर धनुर्वाताच्या पेशंटना आयसीयूत ठेवून, गुंगी देऊन, गरज पडली तर स्नायू लुळे करून आणि व्हेंटिलेटर लावून आठवडेच्या आठवडे जपलं. १५० पेशंटचा तो अनुभव त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे गाढ गुंगीला पर्याय नव्हता. म्हणजे हे औषध वाईट, ते चांगलं असा हिशेब नाही. कुणाला, कशासाठी, किती दिवस, हा हिशेब आहे.

किती दिवस, हे महत्त्वाचं. ही औषधं शरीरात साठतात. फेंटानिलचा एक डोस लवकर उतरतो, पण तेच अनेक दिवस अखंड चालवलं तर चरबीत मुरतं आणि बंद केल्यावरही बराच वेळ उतरत नाही. मिडाझोलामचं मूत्रपिंड बिघडलेल्या माणसात तसंच होतं. म्हणून २००० साली शिकागोत १२८ पेशंटवर एक साधा प्रयोग झाला. अर्ध्या पेशंटचं औषध रोज एकदा पूर्ण थांबवायचं, ते जागे होतात का बघायचं, लागलं तरच पुन्हा सुरू करायचं. त्यांचा व्हेंटिलेटर साधारण ४.९ दिवसांत सुटला, बाकीच्यांचा ७.३ दिवसांत. डेन्मार्कमध्ये त्याही पुढे गेले: गुंगी नाहीच, फक्त दुखण्याला मॉर्फिन. २०१० च्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात पेशंट लवकर सुटले. २०२० च्या मोठ्या अभ्यासात मात्र मृत्यूंच्या संख्येत फरक दिसला नाही. ही ओळ आमच्या भूलतज्ज्ञबाईंच्या लाल पेनाची आहे. म्हणाली, "अर्धीच गोष्ट सांगू नकोस." २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मात्र स्पष्ट आहेत: आधी दुखणं मोजा आणि त्यावर औषध द्या, मग लागली तर हलकी गुंगी, आणि शक्यतो मिडाझोलामच्या जातीची औषधं टाळा.

टाळा का, तर भ्रम. आपल्याकडे म्हणतात, 'वात झाला'. प्रतीक पंढरीपांडे या मराठी आडनावाच्या भूलतज्ज्ञांनी अमेरिकेत नॅशव्हिलला यावर आयुष्यातली बरीच वर्षं घातली आहेत. या जातीच्या लोराझेपाममुळे भ्रमाची शक्यता वाढते, हे त्यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं. २०१३ मध्ये त्यांनी ८२१ पेशंटचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यातल्या ७४ टक्के लोकांना हॉस्पिटलात असताना भ्रम झाला होता. वर्षानंतरही दर चौघांतल्या जवळजवळ एकाची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती सौम्य अल्झायमरच्या पेशंटइतकी खालावलेली होती, आणि त्यात तरुणही होते. भ्रम जितका लांबला, तितकं नंतरचं नुकसान अधिक.

'लागल्यास' का लिहिलं जातं, याच्या मुळाशी एक भीतीही आहे. मॉर्फिन म्हटलं की घरच्यांना वाटतं, आता संपलं. नाहीतर वाटतं, व्यसन लागेल. कायद्यानेही ही भीती वाढवली. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि परवान्यांचे इतके कागद लागायला लागले की पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. हे अशा देशात, जिथे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यावर प्रक्रिया होते. परळला टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर बसलेली माणसं आपण शाळेत जाताना रोज पाहायचो, त्यांच्या दुखण्याचाही या कागदांशी संबंध होता. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मॉर्फिन, फेंटानिलसह मोजकी औषधं 'अत्यावश्यक' ठरवून परवाना सोपा केला. आणखी एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांच्या देणगीतून १८४५ साली जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनशी केलेल्या व्यापारातली, आणि त्या व्यापारात अफू मोठी होती. या शहराला अफू नवी नाही. गरजू पेशंटच्या शिरेपर्यंत ती पोचवणं मात्र आपल्याला जड गेलं.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला अफूच्या औषधाने श्वास मंदावेल ही भीती कमी असते, कारण श्वास मशीन देतंच आहे. बद्धकोष्ठ होतं, त्याची काळजी घ्यावी लागते. बरेच दिवस दिलं असेल तर हळूहळू उतरवावं लागतं. आण्णांना त्या दुपारी फेंटानिल सुरू झालं, सिरिंज पंपातून, तासाला एक-दोन मिलिलिटर. मिडाझोलाम उतरवत उतरवत दुसऱ्या दिवशी बंद केलं. कपाळावरच्या आठ्या मी डोळ्यांनी जाताना पाहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात दाबला. पाचव्या दिवशी तोंडातली नळी निघाली. हे फक्त त्या एका औषधाने झालं असं मी म्हणणार नाही, अँटिबायोटिकही लागू पडलं होतं. पण हातांच्या पट्ट्या पुन्हा बांधाव्या लागल्या नाहीत.

मग तुम्ही काय करायचं? भांडायचं नाही, गुगल दाखवायचं नाही. फक्त विचारायचं: "यांचं दुखणं तुम्ही कशावरून मोजता?" न बोलणाऱ्या पेशंटचं दुखणंही मोजता येतं. चेहरा, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि मशीनशी जुळवून घेणं, या चार गोष्टींना गुण देऊन ० ते ८ असा आकडा काढतात. गुंगीचीही पट्टी आहे, उणे ५ पासून अधिक ४ पर्यंत, आणि शून्य म्हणजे जागा आणि शांत. "आज आकडा किती आहे, आणि किती हवाय?" एवढं विचारलं तरी डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बोलतात, हा माझा अनुभव. "आज गुंगी थांबवून बघणार का?" हेही विचारा. उत्तर 'नाही' असू शकतं आणि त्याला चांगलं कारण असू शकतं, ते ऐकून घ्या. आणि चष्मा, श्रवणयंत्र घरून न्या. आत रात्र आहे की दिवस, कोणता वार आहे, हे कानाशी सांगा. आमच्या आण्णांना मी पाच दिवस चष्म्याशिवाय ठेवलं होतं. तो माझ्या पर्समध्ये होता.

आणि तुमच्या माणसाच्या खुणा तुम्हाला माहीत असतात, त्या सिस्टरला सांगा. आई दुखलं की ओठ चावते, काकांचा डावा पाय हलतो. ते कागदावर नसतं.

घरी आल्यावर महिनाभर आण्णा रात्री उठून बसायचे. साचे बंद पडलेत, जॉबर ओरडतोय, धागा सापडत नाही, असं म्हणायचे. हळूहळू ते थांबलं. दिवाळीच्या सुमारास एकदा मी त्यांना चहा देत होते. ते सहज म्हणाले, "मला समदं ऐकू येत हुतं. तू म्हणालीस, झोपवा यांना. मला वाटलं, आता हिला कसं सांगू."

मी काही बोलू शकले नाही. त्यांनीच विषय बदलला, साखर कमी आहे म्हणाले.

आज त्यांना इथे आणायचं होतं, पण जिना जमत नाही. मामा रोज संध्याकाळी येतात. दोघांचेही कान गिरणीतच गेले, त्यामुळे टीव्ही मोठ्याने लावतात आणि त्या आवाजात हातांनी गप्पा मारतात. आई वैतागते.

माझी दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली आणि सर घड्याळाकडे बघताहेत, आठवीत बघायचे तसेच. औषधांबद्दल काही विचारायचं असेल तर जेवणाच्या वेळी दुसऱ्या रांगेतल्या भूलतज्ज्ञबाईंना गाठा. ती चिडणार नाही असं कबूल करून बसली आहे.